भोपळ्याची शिंक

भोपळ्या पहिल्यांदा शिंकला तेव्हा आम्ही तिघंही हसलो. मीसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू? एवढासा जीव, नाक ते केवढं, आणि त्यातून 'फिच्' असा आवाज. माझी भावजय तर टाळी वाजवून म्हणाली, "अय्या, शिंकला! बघा ना ताई, अगदी माणसासारखा!" भाऊ रंध्याचं मशीन बंद करून बघायला आला. पुन्हा शिंकेल म्हणून तिघं पिंजऱ्याभोवती उकिडवे बसलो. त्याने काही मनावर घेतलं नाही. काकडी संपवली आणि आमच्याकडे पाठ करून बसला.

भोपळ्या म्हणजे आमचा गिनी पिग. नावात डुक्कर आहे, पण डुकराचं त्याच्यात काही नाही. उंदराच्या कुळातला म्हणावा, तर शेपूट नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातली गत. रंगाने पिवळट, अंगाने गोल, मागून पाहिला तर थेट भोपळा. भावजयीने तो घरी आणला तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला होता. पण 'नको' म्हणाले नाही. भावाच्या लग्नाला खूप वर्षं झाली, मूल नाही. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गेलं. दुसऱ्या वेळेनंतर भावजय कितीतरी दिवस कुणाशी बोलत नव्हती. मग एका गिऱ्हाइकाच्या घरी तिने हा प्राणी पाहिला, मांडीवर घेतला आणि तिथेच रडायला लागली. अशा बाईला नको म्हणायला माझी जीभ काही रेटली नाही.

पुढे मेल्याने मलाही लळा लावला. मी कोथिंबिरीची जुडी सोडायला घेतली की पिंजऱ्यातून शिट्टी मारल्यासारखा ओरडायचा. मी आल्याचा आनंद होणारा घरात तो एकटाच होता.

आमचा धंदा पेट्यांचा. वडिलांच्या वेळेपासून आम्ही देवदाराच्या पेट्या करतो, लोकरीचे कपडे ठेवायच्या. देवदाराच्या वासाने कपड्यांना कसर लागत नाही, म्हणून मागणी. खाली पुढच्या बाजूला कारखाना, त्याला लागून मधली खोली, मागे स्वयंपाकघर. वर दोन खोल्या, पुढची भाऊ-भावजयीची, मागची माझी. वडील म्हणायचे, "वास गेला की लाकूड मेलं." त्या वासावर आम्ही वाढलो. आमच्या घरात कुणाचं डोकं दुखलं तरी त्याला फळीजवळ नेऊन बसवायचे, मोकळं वाटेल म्हणून.

भाऊ कापतो, रंधतो, जोडतो. घासणं आणि पॉलिश माझ्याकडे. आई गेली तेव्हा भाऊ लहान होता आणि वडिलांना दुसरा हात नव्हता, म्हणून मी काचकागद हातात घेतला, तो घेतलाच. लग्नाचं वय कधी आलं आणि कधी गेलं, ते धुळीत दिसलंच नाही. या कामात एक शिस्त असते. ओल्या पॉलिशवर शिंतोडा पडला की पांढरा ठिपका उठतो आणि अख्खी फळी पुन्हा घासायला लागते. म्हणून शिंकायचं नाही. धूळ तर नाकात जाणारच, शिंक तर येणारच, पण ती गिळायची. जीभ टाळूला लावायची, नाक बाहीत खुपसायचं आणि आत ढकलायची. वडिलांनी मला पॉलिशच्या आधी हे शिकवलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तोच. इतकी वर्षं गिळून गिळून माझी शिंक एवढीशी झाली. आता मोकळ्या हवेत आली तरी 'फिच्' एवढीच येते. भोपळ्याची शिंक आणि माझी, एकाच मापाच्या. भाऊ हसून म्हणाला, "ताईने नवा कारागीर तयार केला!"

हसण्यावारी गेलं ते तेवढंच. पुढच्या आठवड्यात भोपळ्या सकाळ-संध्याकाळ शिंकायला लागला. नाकाशी ओलसर दिसायचं. पुढच्या पायांनी तोंड पुसत बसायचा.

आता भावजयीने फोन हातात घेतला. फोनमध्ये कारणांना काय तोटा! गिनी पिग का शिंकतो म्हणून विचारलं की कारणांची ही रांग. आणि गंमत बघा, रांगेतलं प्रत्येक कारण फिरून फिरून माझ्यापाशी येऊन उभं राहायचं.

पहिलं कारण, उग्र वास. "ताई, तुमचा तो छातीला लावायचा बाम आहे ना, त्याचा वास फार लागतो हो." मला दम लागतो. गेली काही वर्षं जिना चढून आले की बोलता येत नाही. त्या बामाने जरा मोकळं वाटतं. मी म्हटलं, "अगं, आणि तुझा सेंट?" तर म्हणे, "तो मी बाहेर जाताना लावते." बाम गेला. त्याच्या मागोमाग माझं केसांचं तेल गेलं.

दुसरं कारण, बुरसलेलं गवत. गवत मी आणत असे, निवडत असे. एक काडी काळी निघाली आणि माझं गवत आणणं बंद झालं. ओल्या पाल्यानेही त्रास होतो असं तिने कुठेतरी वाचलं, म्हणून माझ्या हातची कोथिंबीरही बंद. भोपळ्या शिट्ट्या मारून मारून थकायचा. मी स्वयंपाकघरात हात बांधून उभी.

तिसरं, वारा. स्वयंपाकघराची खिडकी मी उघडी ठेवते, कारण फोडणीचा धूर मला सोसत नाही. ती खिडकी बंद झाली. चौथं, जीवनसत्त्व. हा प्राणी म्हणे 'क' जीवनसत्त्व अंगात तयार करू शकत नाही, आपल्यासारखाच, आणि ते कमी पडलं की आजारी पडतो. हे कारण तेवढं माझ्या वाट्याला आलं नाही. त्याच्यासाठी ढोबळ्या मिरच्या आल्या, संत्र्याच्या फोडी आल्या. जावयाची काय बडदास्त ठेवतील अशी ठेवली. खाऊन पिऊन गडी शिंकतोच आहे.

आणि या सगळ्यात भाऊ काय करत होता? भाऊ कीस घालत होता.

तेही सांगायला हवं. पिंजऱ्यात खाली काहीतरी अंथरावं लागतं. बाजारात त्यासाठी कागदाचं, कापडाचं काय काय विकत मिळतं. ते ऐकून आम्ही हसलो होतो. सुताराच्या घरी अंथरूण विकत? रंध्याखाली ढिगाने कीस पडतो, रेशमासारखा मऊ, वासाचा. भाऊ त्यातला चांगला निवडून भोपळ्याला घालायचा. साध्या लाकडाचा नाही, देवदाराचाच. शिंका वाढल्या तसा तो आणखी ताजा, आणखी वासाचा घालू लागला. सकाळी फळी रंधली की गरम गरम कीस ओंजळीत घेऊन यायचा आणि पिंजऱ्यात पसरायचा. "हुंग रे राजा," म्हणायचा, "हुंग, नाक मोकळं होईल." पिंजरा होता मधल्या खोलीत, कारखान्याच्या दाराला लागून. काम करताना त्याला दिसावा म्हणून भावानेच तिथे ठेवला होता.

फोनमध्ये धुळीचंही होतंच की. भावजयीने वाचूनही दाखवलं होतं, "अंथरुणातली धूळ." भाऊ म्हणाला, "ती बाजारच्या भुशाची. आपला कीस आहे, भुसा नाही." मीही मान डोलावली. आमच्या लाकडाने कुणाला अपाय होईल हे आमच्या तिघांच्याही डोक्यात शिरणं शक्य नव्हतं.

मग पाचवं कारण आलं. भावजय फोनवरून नजर काढून माझ्याकडे बघत म्हणाली, "वन्सं."

एरवी ती मला ताई म्हणते. वन्सं म्हणाली की समजायचं, पुढ्यात काहीतरी वाढून ठेवलंय.

"वन्सं, या प्राण्यांना संसर्ग लवकर होतो म्हणे. सर्दी-पडसं असलेल्या माणसाने जवळ जाऊ नये."

"मला सर्दी नाही. मला धुळीचं आहे. तुझ्या लग्नाच्या आधीपासून आहे."

"तसं नाही हो. पण शिंकता तर तुम्हीच ना? घरात आणखी कोण शिंकतं?"

मी भावाकडे पाहिलं. तो नखातलं पॉलिश खरवडत होता.

"म्हणून मी काय म्हणते," भावजय म्हणाली, "तुम्ही थोडे दिवस आत्तेबहिणीकडे जाऊन या. तेवढाच तुम्हालाही बदल."

थोडे दिवस! थोडे दिवस म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. तयार पेट्या ठेवायला भावाला जागा पुरत नव्हती. मी पाठ फिरवली असती तर माझ्या खोलीत पेट्या चढल्या असत्या, आणि चढलेल्या पेट्या कोण उतरवतो?

त्या खोलीचं मला एवढं काय? सांगते. घरात तेवढ्याच एका जागी मला आडवं पडून झोपता येतं. मागे मोकळं मैदान आहे, खिडकीतून स्वच्छ वारा येतो. बाकी कुठेही मला उशांची उतरंड रचून बसल्या बसल्या डोळा लावावा लागतो. वडील खालच्या मधल्या खोलीत खोकून खोकून गेले. सिगारेटनी गेले असं सगळे म्हणतात. मी त्यांच्या हातात सिगारेट कधी पाहिली नाही, पण लोक म्हणत होते म्हणून मीही म्हणत होते. शेवटी शेवटी त्यांनी भावाला जवळ बोलावून सांगितलं, "वरची मागची खोली ताईची. तिला तिथून हलवू नकोस." भावाने हो म्हटलं होतं, माझ्यासमोर.

तेव्हा मी पदरात पडलेलं मुकाट्याने घेतलं नाही. म्हटलं, "एकदाचा सोक्षमोक्ष लावा. त्याला डॉक्टरकडे न्या. माझ्यामुळे शिंकत असेल असं डॉक्टर म्हणाले तर मी आपल्या पायांनी खोली सोडते. माझ्यामुळे नसेल, तर पुन्हा माझ्या खोलीचं नाव काढायचं नाही."

"अहो, खोलीचं कोण म्हणालं?" भावजय म्हणाली.

"मी म्हणाले. बोल, कबूल?"

भाऊ म्हणाला, "कबूल गं ताई. चिडतेस कशाला?"

लहान प्राण्यांची डॉक्टरीण गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथवर न्यायचा तर नीट न्यायला हवा म्हणून भावाने भोपळ्यासाठी छोटी पेटी केली. देवदाराची, अर्थात. झाकणाला भोकं पाडली, कोपरे गोल केले, आत ताजा कीस भरला. मी तिला आतून हात फिरवून पाहिला, एक कुसळ लागत नव्हतं. इतकं देखणं काम त्याने कुठल्या गिऱ्हाइकासाठी केलं नसेल. वाटेत पेटीतून शिंकांवर शिंका. भावजय पेटी छातीशी धरून माझ्यापासून जेवढं लांब बसता येईल तेवढं बसली होती.

डॉक्टरीण शांत बाई होती. तिने पेटीचं झाकण उघडलं आणि स्वतःच नाक मागे घेतलं. भोपळ्याला बाहेर काढून टेबलावर टॉवेलात ठेवलं. नाक बघितलं, डोळे बघितले, दात बघितले, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. खातो काय, घरात ससा किंवा कुत्रा आहे का, पिंजरा कुठे असतो, सगळं विचारलं. आम्ही सांगत होतो. तेवढ्यात 'फिच्' झालं.

"हं, ही बघा, शिंकला," डॉक्टरीण म्हणाली आणि पुन्हा त्याच्या नाकाकडे वाकली.

"तो नाही," मी म्हटलं. "मी."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. माझ्याकडे असं कुणी पाहून किती काळ झाला होता, मला एकदम ओशाळल्यासारखं झालं.

"तुम्हाला हे कधीपासून आहे?"

मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाला, "तिला सवय आहे हो. आमच्या धंद्यात असतंच ते. याचं सांगा ना, याचं काय?"

डॉक्टरीण आणखी जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग याचं सांगायला लागली. छाती अजून साफ आहे. नाकात पू नाही. माणसाकडून काही लागलं असावं असं दिसत नाही. "हे लाकूड," ती म्हणाली, पेटीवर बोट ठेवून. "हा जो वास तुम्हाला चांगला वाटतो ना, तो याच्या नाकाला आणि छातीला झोंबतो. वर ही धूळ. आणि पिंजरा कुठे म्हणालात? रंध्याच्या मशीनशेजारी?" तिने सुस्कारा सोडला. "याला तिथून हलवा. आजच. लाकडाचं काही अंथरू नका, जुनं सुती कापड घाला. जिथे धूळ येत नाही, स्वच्छ हवा आहे, अशा खोलीत ठेवा. तिथेच राहिला तर फुप्फुसं धरतील, आणि मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते, आणि आता चोर हा असा समोर. त्याच्यावर आमच्या घराण्याचं पॉलिश! मला एवढा आनंद झाला, एवढा झाला की मी भोपळ्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला कुणी अडवलं नाही. निघताना डॉक्टरीण हळूच म्हणाली, "तुम्हीही छातीच्या डॉक्टरला दाखवा. लांबवू नका." मी हो म्हटलं. भाऊ तेव्हा भोपळ्याला टॉवेलात गुंडाळत होता. पेटी आम्ही तिथेच ठेवून आलो.

परत येताना भाऊ गाडी चालवता चालवता रडायला लागला. वडिलांनंतर मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. "माझ्या हाताने घातला गं मी," तो म्हणाला. "हुंग म्हणालो त्याला. तो बिचारा शिंकतोय आणि मी आणखी घालतोय."

"तुला काय माहीत होतं?" मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आपल्याला कुणालाच माहीत नव्हतं."

"हवेतच होतं ते, ताई. रोज. एवढ्याशा छातीत."

मला वाटलं, आता हा पुढचं म्हणेल. बाबांचं म्हणेल. नाहीतर मागे वळून नुसता माझ्याकडे बघेल. मी वाट बघत बसले. असं वाट बघणं मूर्खपणाचं असतं हे कळायला माझे केस पुरेसे पांढरे आहेत, तरी बसले. त्याने डोळे पुसले आणि विचारलं, "सुती कापड घरात आहे ना गं?"

आहे, म्हटलं. माझ्या जुन्या साड्या आहेत.

घरी आल्यावर मी साडी फाडून धुऊन टाकली, चहा ठेवला. बंद केलेली खिडकी उघडली, सताड उघडली. बऱ्याच दिवसांनी मी कामाला गुणगुणत होते. तेवढ्यात वर काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, पुढच्या खोलीत पिंजऱ्यासाठी जागा करताहेत. चहाचे कप घेऊन वर गेले, तर जिन्याच्या तोंडाशी माझी ट्रंक. तिच्यावर माझ्या उशा.

भावजय दारात उभी होती. तिचं नाक रडून लाल झालं होतं, खोटं रडणं नव्हतं ते. "ताई, तुम्ही स्वतः ऐकलंत ना, डॉक्टर काय म्हणाल्या? धूळ नको, स्वच्छ हवा हवी. आमची खिडकी तर कारखान्याच्या पत्र्यावर उघडते, सगळी धूळ तिथेच येते. घरात अशी खोली ही एकच आहे."

हातातले कप मी ट्रंकेवर ठेवले. "कबूल काय केलं होतं?"

"तुमच्यामुळे नाही, हे मान्यच आहे," ती म्हणाली. "तुमच्यावर आळ घेतला, चुकलं माझं. पाया पडू का? पण त्याला ठेवू कुठे, तुम्हीच सांगा."

मी भावाला हाक मारली. तो माझा पलंग खोलत होता, आत बसून. पाना हातात घेऊन बाहेर आला.

"मला तिथे झोप लागते रे," मी म्हटलं. एवढंच आलं तोंडातून. भांडायचं ठरवलं होतं, पण जिना चढून आले होते, दम पुरला नाही. "खाली मला आडवं होता येत नाही. मलाही दम लागतो. तुला माहीत आहे."

"थोडेच दिवस, ताई."

"बाबांनी काय सांगितलं होतं?"

"तुला सवय आहे गं," तो म्हणाला, अगदी मायेने म्हणाला. "तू इतकी वर्षं काढलीस. त्याचा जीव तो केवढासा!"

"आणि माझा केवढा आहे? घे की मोजून, टेप आहे ना खिशात?"

यावर तो हसला. आपल्या ताईने विनोद केला असं वाटलं त्याला. माझ्या गालाला हात लावून म्हणाला, "झालं ना मग," आणि पलंगाची फळी उचलली.

पलंग त्याने एकट्याने खाली नेला, एकेक भाग करून. जिन्याच्या वळणावर पलंगाचा पाय कठड्याला घासू नये म्हणून केवढी काळजी. मी पाठीमागे उशा घेऊन उतरले. नाकापेक्षा मोती जड झालं की लोक मोती उतरवतात. आमच्याकडे नाकच उतरवलं.

भोपळ्या बरा झाला. अगदी लवकर झाला, हे सांगायलाच हवं, त्यात त्याचा काय दोष? माझ्या साडीवर लोळतो, खिडकीतलं ऊन खातो. वर धूळ जाऊ नये म्हणून भावाने जिन्याला प्लास्टिकचा जाड पडदा लावला, खालून पट्टी मारली, फट राहू दिली नाही. इतकी वर्षं तो पडदा कुणालाच सुचला नव्हता. मी मधल्या खोलीत असते. पिंजऱ्याच्या जागी माझा पलंग. कीस आता कुणी वापरत नाही, पण टाकून द्यायचा जीव होत नाही, म्हणून त्याची पोती पायथ्याशी रचली आहेत. भावजय परवा बामाची डबी घेऊन आली. पुन्हा ताई म्हणायला लागली आहे. "घ्या ताई, आता खुशाल लावा. खाली काही हरकत नाही."

छातीच्या डॉक्टरकडे जायचं आहे. ऑर्डर मोठी आहे, ती गेली की जाऊ, असं भाऊ म्हणतो.

काल दुपारी मी पलंगावर उशांना टेकून एका पेटीच्या खणाला काचकागद मारत होते. पलीकडे रंधा चालू होता. भावाने फळी संपवली आणि मशीन जरा थांबलं, तेवढ्यात मला शिंक आली. नेहमीसारखी, फिच्.

पलीकडे काहीतरी हातातून खाली पडलं. भाऊ धावत आला. केसांवर, पापण्यांवर भुसा, छाती धपापतेय. मला ओलांडून खोलीभर बघत होता, पलंगाखाली, पोत्यांमागे.

"खाली आलाय का तो? पडदा उघडा राहिला का? आत्ता शिंकला ना?"

"तो वर आहे," मी म्हटलं. "मी शिंकले."

त्याने डोळे मिटले आणि भिंतीला हात टेकला. चेहरा कसा सैल झाला त्याचा.

"हात्तिच्या! तू होय? केवढा घाबरलो मी!"

हसत हसत तो परत गेला. दार ओढून घ्यायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. मग मशीन सुरू झालं.